मथळा, क्रियापद आणि कुंचला

जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर उभ्या असलेल्या येलदरी धरणाची एकूण साठवण क्षमता सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर आहे. त्यातील सुमारे १२५ दशलक्ष घनमीटर हा मृतसाठा. तो विमोचकाच्या पातळीखाली राहत असल्यामुळे नेहमीच्या मार्गाने कालव्यात येत नाही. उरलेला सुमारे ८१० दशलक्ष घनमीटरचा जिवंत साठाच तेवढा शेतकऱ्याच्या हिशेबात धरावयाचा. आता एखाद्या कोरड्या वर्षी वैशाखात हा जिवंत साठा शून्यावर आला, अशी कल्पना करावी. एक वृत्तपत्र मथळा देईल, ‘येलदरी कोरडे’. दुसरे देईल, ‘येलदरीत अद्याप १२५ दलघमी पाणी’. दोन्ही मथळे सत्य आहेत. पहिल्याने शासनाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, दुसऱ्याने त्याला अभय दिले. असत्याचा एक शब्दही न लिहिता एकाच जलाशयाच्या काठावर दोन परस्परविरोधी चित्रे उभी राहिली आणि बसस्थानकाजवळच्या हॉटेलात चहा घेणाऱ्या दोघांमध्ये वाद पेटविण्यास ती पुरेशी ठरली.

वृत्तपत्र खोटे लिहिते काय, हा प्रश्न आपल्याकडे वारंवार विचारला जातो. तो प्रश्न सोपा आहे, म्हणूनच अपुराही आहे. उघड खोटे आज ना उद्या पकडले जाते. पकडले जात नाही ते खऱ्याची मांडणी करताना शब्दांच्या अंगी येणारे वळण. प्राचीन काव्यशास्त्राने अतिशयोक्ती, वक्रोक्ती, व्याजस्तुती यांची लक्षणे बारकाईने सांगून ठेवली आहेत. परंतु काव्यातला अलंकार अंगावर मिरवतो, तर बातमीतला अंगरख्याच्या आत दडलेला असतो. वाचकाला तो दिसू नये, यातच त्याचे सामर्थ्य.

या दडलेल्या अलंकारांत पहिला मान क्रियापदाचा. एखादा नेता काही बोलला. त्याचे बोलणे ‘सांगितले’ असे छापले तर ते केवळ कथन राहते. ‘स्पष्ट केले’ म्हटले की तो अधिकारवाणीने बोलला असे होते, ‘दावा केला’ म्हटले की त्याच्या शब्दावर संशयाची छाया पडते, ‘कबूल केले’ म्हटले की आधी काही तरी लपविले होते हे गृहीत धरले जाते आणि ‘सारवासारव केली’ म्हटले की निकालच लागला. वक्ता तोच, वाक्य तेच. त्याहून मजेचा प्रकार कर्त्याच्या लोपाचा. ‘पोलिसांनी लाठीमार केला’, ‘लाठीमार झाला’ आणि ‘पोलिसांना लाठीमार करावा लागला’ या तीन वाक्यांतून काठी अनुक्रमे पोलिसाच्या हातात, हवेत आणि नाइलाजाच्या हातात जाते. शिवाय ‘सौम्य लाठीमार’ नावाची एक खास मराठी वस्तू आहे. तिची सौम्यता कोणाच्या पाठीने मोजली, हे आजवर एकाही वार्ताहराने नोंदविलेले नाही.

‘विश्वसनीय सूत्रांकडून समजते’, ‘राजकीय वर्तुळात जोरदार चर्चा आहे’, ‘शहरात एकच खळबळ उडाली’ ही वाक्ये तर तालुक्याच्या गावापासून राजधानीपर्यंत कोणत्याही बातमीला चिकटविता येतात. चर्चा करणारे कोण, किती, कोठे, याचा पत्ता नसतो. पुष्कळदा ते वर्तुळ वार्ताहराच्या खुर्चीपुरतेच असते.

येथपर्यंतचे सारे हसण्यावारी नेता येईल. परंतु मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या वाचताना हसू मावळते. मदतीच्या निकषांची छाननी करणाऱ्या शासकीय यंत्रणेने प्रकरणे ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ अशी विभागली. कार्यालयीन टिपणीत याचा अर्थ एवढाच की, शेतजमीन, कर्ज आणि वसुलीचा तगादा यांसंबंधीच्या अटी पूर्ण झाल्या किंवा झाल्या नाहीत. पण वृत्तपत्रांनी ते शब्द जसेच्या तसे उचलले आणि ‘अपात्र आत्महत्या’ असा शब्दप्रयोग रूढ झाला. मदतीस अपात्र ठरलेले प्रकरण आणि मृत्यूलाच अपात्र ठरलेला माणूस, यातील अंतर मथळ्याच्या रुंदीत बसत नाही. ‘दुष्काळ’ न म्हणता ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ म्हणण्यातही तीच युक्ती आहे. ‘दुष्काळ’ म्हटले की सवलती आणि खर्च यांची जबाबदारी येते, ‘सदृश’ म्हटले की निर्णयाला अवधी मिळतो. शासनाने आपल्या सोयीचा शब्द वापरावा, हे समजण्यासारखे आहे. वृत्तपत्राने तो अवतरणचिन्हाशिवाय स्वीकारावा, हे मात्र समजण्यासारखे नाही.

शब्दाची ही किंमत जिंतूरसारख्या गावाला कोणी नव्याने सांगावयाची गरज नाही. हे गाव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. त्या वर्षी १३ ते १७ सप्टेंबर या काळात भारतीय सैन्याने हैदराबादेत प्रवेश केला. मोहिमेचे नेतृत्व मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी करीत होते. रणगाडे होते, विमाने होती. नाव मात्र पडले ‘पोलीस कारवाई’. हे नाव निष्काळजीपणे पडलेले नव्हते. निजाम सरकारने हैदराबादचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे नेला होता. सैन्य पाठविणे म्हणजे दोन राष्ट्रांतील युद्ध आणि पोलीस पाठविणे म्हणजे घरातला बंदोबस्त. ‘पोलीस’ या एका शब्दात भारताची संपूर्ण कायदेशीर भूमिका साठविलेली होती. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लढलेल्यांना तो शब्द अपुरा वाटला, कारण त्यात त्यांच्या तुरुंगवासाला आणि बलिदानाला स्थानच नव्हते. म्हणून मराठवाड्याने ‘मुक्तिसंग्राम’ हा शब्द जपला. कोणी ‘विलीनीकरण’ म्हणतो, कोणी उर्दूत ‘सुकूत’ म्हणजे पतन म्हणतो. सन २०२२ मध्ये याच १७ सप्टेंबरला केंद्र सरकारने ‘हैदराबाद मुक्ती दिन’ साजरा केला, तर तेलंगणाच्या तत्कालीन राज्य सरकारने ‘राष्ट्रीय एकात्मता दिन’. चौऱ्याहत्तर वर्षांनंतरही दिवस एक आणि नावे दोन. नाव कोणते घेतले यावरून बोलणारा कोठे उभा आहे हे कळते.

याच इतिहासातील एक प्रकरण पुन्हा पुन्हा सांगितले पाहिजे. हैदराबादेतील ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांच्या अत्याचारांविरुद्ध आणि भारतात सामील होण्याच्या बाजूने लेखणी चालविली. ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्यांची निर्घृण हत्या केली आणि ज्या हाताने ते लिहीत तो हातही तोडला. त्यानंतर महिन्याभरातच निजामाची राजवट कोसळली. ‘रझाकार’ हा शब्द आज राजकीय भाषणांत आणि अग्रलेखांत सैलपणे एका संपूर्ण समाजासाठी वापरला जातो, तेव्हा शोएबुल्ला खान यांचे नाव त्या शब्दाच्या वाटेत आडवे येते. रझाकार ही एक सशस्त्र संघटना होती. तिच्याविरुद्ध लिहून प्राण देणारा संपादक मुसलमान होता. आपल्या बाजूचे वृत्तपत्र हा फरक पाळते की नाही, हे तपासण्याचे काम विरोधकावर सोपवून चालणार नाही.

गावांची आणि संस्थांची नावे हा तर मराठवाड्याचा नित्याचा धडा. शासनदरबारी ‘छत्रपती संभाजीनगर’ हे नाव २०२३ मध्ये आले. परंतु त्यापूर्वी कित्येक वर्षे शिवसेनेचे मुखपत्र ‘संभाजीनगर’ असेच छापीत होते आणि इतर दैनिके ‘औरंगाबाद’. बातमी अपघाताची असो की बाजारभावाची, बातमीच्या माथ्यावरील गावाचे नाव वाचूनच दैनिकाचा पक्ष ओळखता येत असे. विद्यापीठाच्या प्रश्नात याच्या उलट घडले. जुलै १९७८ मध्ये विधिमंडळाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि ‘नामांतर’ या शब्दाभोवती मराठवाडा पेटला. दलित वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असे नाव झाले, तेव्हा शासनाने शब्द निवडला ‘नामविस्तार’. ‘अंतर’ म्हणजे काही तरी गेले, ‘विस्तार’ म्हणजे काही तरी जोडले. सोळा वर्षांचा प्रश्न एका शब्दाने सुटला नाही, हे खरे. पण माघार न घेता पुढे सरकण्याची वाट त्या शब्दाने दोन्ही बाजूंना दिली.

शब्दांच्या वळणाचे वैधानिक परीक्षण महाराष्ट्रात फार पूर्वी, तेही न्यायालयातच झाले आहे. १८९७ च्या जुलैमध्ये ‘केसरी’ने ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ असा मथळा दिला. व्याकरणाने तो प्रश्न, अर्थाने तो निकाल. प्रश्नचिन्हाची ढाल पुढे करून प्रहार करण्याची ती रीत आजच्या दूरचित्रवाणी वाहिन्यांनी उचलली, फक्त लोकमान्यांचा धोका तेवढा उचलला नाही. त्याच वर्षीच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितले की, राजद्रोहाच्या कलमातील अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. सरकारवर प्रेम नसणे हाच गुन्हा ठरल्यावर शिक्षा ही औपचारिकताच होती. १९०८ च्या खटल्यात टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतः केला. त्यातील एक मुख्य मुद्दा हाच होता की, मराठी शब्दांची इंग्रजी भाषांतरे मूळ आशयाहून जहाल केली गेली आहेत. नऊ ज्यूरींपैकी सात जणांनी दोषी ठरविले आणि सहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे यांनाही राजद्रोहाबद्दल तुरुंगवास घडला. परांजप्यांची शैली व्याजस्तुतीची. वरवर स्तुती, आत दंश. सरकारी भाषांतरकाराला शब्द सापडत, उपहास सापडत नसे. परकीय सत्तेखाली हे अलंकार लेखणीचे चिलखत होते. स्वराज्यात तेच चिलखत बहुधा आळसाचे पांघरूण झाले आहे.

व्यंगचित्राचा प्रकार आणखी निराळा. लेखाला युक्तिवाद करावा लागतो, चित्राला करावा लागत नाही. कोणाला मोठे काढले, कोणाला बुटके काढले, कोणाच्या हाती चाबूक दिला, एवढ्यावर निकाल लागतो आणि तो निकाल हसत हसत स्वीकारला जातो. १३ ऑगस्ट १९६० रोजी सुरू झालेल्या ‘मार्मिक’मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या कुंचल्याने हे सामर्थ्य मराठी माणसाला दाखविले. पण त्याच अंकांतील सर्वांत परिणामकारक मजकूर चित्र नव्हताच. निरनिराळ्या कंपन्यांतील अधिकाऱ्यांच्या नावांच्या नुसत्या याद्या छापल्या जात आणि वर शीर्षक असे ‘वाचा आणि थंड बसा’. एकही विशेषण नाही, एकही आरोप नाही. यादीत दाक्षिणात्य नावेच बहुसंख्य दिसत आणि निष्कर्ष वाचकच काढी. पुढे शीर्षक ‘वाचा आणि उठा’ असे झाले आणि १९६६ मध्ये शिवसेना उभी राहिली. यादीत काय होते हे सारे पाहतात. यादीत कोणती नावे घेतली नाहीत, हा प्रश्न यादी पाहताना सुचत नाही, आणि यादीचे यश त्यातच असते.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात यशवंतराव चव्हाणांना ‘सूर्याजी पिसाळ’ म्हटले गेले, तेव्हाही असेच घडले. रायगड मोगलांच्या हाती दिल्याचा कलंक ज्या नावावर आहे ते उच्चारले की पुढचे सारे मराठी कानाला ठाऊक असते. पुरावा मागण्याची पाळीच येत नाही. पुढे १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याचा मंगल कलश त्याच यशवंतरावांच्या हातून आला.

चित्र तेच राहते, पाहणारा बदलतो, हे २०१२ मध्ये दिसले. शंकर यांनी १९४९ मध्ये काढलेल्या व्यंगचित्रात राज्यघटना गोगलगाय झाली आहे, तिच्यावर डॉ. आंबेडकर स्वार आहेत आणि मागे पंडित नेहरू चाबूक उगारून उभे आहेत. घटनेच्या कामास लागणाऱ्या विलंबावर त्या काळच्या वाचकाने ते घेतले. साठ वर्षांनी ते अकरावीच्या पाठ्यपुस्तकात पाहिल्यावर अनेकांना दिसला तो केवळ बाबासाहेबांच्या पाठीमागचा चाबूक. ज्या समाजाच्या पाठीवर शतकानुशतके खरेच फटके बसले, त्याला तो चाबूक रूपक वाटला नाही, यात नवल नव्हते. तरीही पुणे विद्यापीठात सुहास पळशीकर यांच्या कार्यालयाची तोडफोड हे त्याचे उत्तर नव्हते. संदर्भ सांगणारे पाठ्यपुस्तक बाजूला पडले आणि संदर्भाविना चित्र देशभर फिरले.

आणीबाणीत, डिसेंबर १९७५ मध्ये, अबू अब्राहम यांनी राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद स्नानाच्या टबात बसून वटहुकमावर सही करीत असल्याचे चित्र काढले. लोकशाहीची हत्या, हुकूमशाही असे शब्द छापण्याची सोय नव्हती. त्या चित्रात ते शब्द नाहीतही. राष्ट्रपतिपदावरील व्यक्तीला अंघोळ पुरी करण्याइतकी उसंतही दिली जात नाही, एवढेच आहे. अतिशयोक्ती इतकी किरकोळ की ती घटना त्या दिवशी खरोखर घडली असावी, असे वाटते.

त्याच्या तुलनेत असीम त्रिवेदी यांची २०११ मधील चित्रे ओबडधोबड होती. राष्ट्रीय मानचिन्हातील सिंहांच्या जागी त्यांनी लांडगे काढले आणि मुंबईत त्यांना राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च २०१५ च्या निकालात जे नोंदविले ते कलासमीक्षकालाही शोभावे असे आहे. या चित्रांत विनोद नाही, उपहास नाही, आहे तो केवळ राग आणि किळस, पण तेवढ्यावरून अभिव्यक्तीचा अधिकार काढून घेता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. चित्र वाईट असणे हा गुन्हा नव्हे. ते वाईट आहे हे ओळखणे मात्र न्यायालयावर सोपवून भागत नाही.

आज भ्रमणध्वनीवर येणाऱ्या चित्राखाली बहुधा सही नसते, दिनांक नसतो, नियतकालिकाचे नाव नसते. शंकर, अबू, ठाकरे यांच्या चित्राखाली नाव असे आणि त्या नावाला परिणाम भोगावे लागत. सकाळी कुटुंबाच्या गटावर आलेले चित्र दुपारी शाखेच्या, पतपेढीच्या, वर्गमित्रांच्या गटावर जाते. पुढे पाठविण्यापूर्वी कार्यकर्त्याने त्यातील पात्रांची अदलाबदल करून पाहावी. चाबूक आपल्या नेत्याच्या हाती आणि फटका विरोधकाला असेल तर तो उलटा करावा, ‘कबूल केले’ असेल तेथे ‘सांगितले’ वाचावे, टक्केवारी दिसली की ती कोणत्या साठ्याची हे विचारावे. येलदरीच्या आकड्याला शेतकरी हा प्रश्न विचारतोच, कारण त्याच्या रब्बीचा हिशेब त्यावर असतो.