पी हळद अन् हो गोरी

आमच्या काही मित्रांना सध्या एक छंद लागला आहे. कोणाच्या तरी माळ्यावरचा जुना टीव्ही व्हिडिओ गेम खाली काढायचा आणि त्याचे पिवळे पडलेले खोके पुन्हा पांढरेशुभ्र करायचे. मीही त्यांतलाच होतो. आता माझे मत बदलले आहे, आणि ते का बदलले हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

१९८३ साली जपानमध्ये निन्टेन्डो कंपनीचा 'फॅमिकॉम' निघाला. त्याच्या नकला नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी आल्या. 'मारिओ', 'कॉन्ट्रा' आणि '९९९९९९९ इन १' असे धादांत खोटे सांगणारी कॅसेट आमच्या काही प्राध्यापकांनाही आठवत असेल! ही खोकी बहुधा एबीएस नावाच्या प्लॅस्टिकची. त्यातील ब्युटाडाइन हा घटक उजेडाने व उष्णतेने हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि प्लॅस्टिक पिवळे पडते. म्हणजे तो मळ नव्हे. साबणाने जात नाही. त्यावर उपाय हायड्रोजन पेरॉक्साइडचा. केस रंगवताना वापरतात ते ४० व्हॉल्यूमचे 'डेव्हलपर' मलम, म्हणजे १२ टक्के पेरॉक्साइड, हातमोजे घालून खोक्याला फासायचे, वर पातळ प्लॅस्टिक गुंडाळायचे आणि उन्हात ठेवायचे. ऊन आपल्याकडे फुकटच!

इंदापूरला माझ्या चुलत्यांकडे असा एक सेट आहे. १९९८ च्या सुमारास पत्र्याच्या शेडमध्ये टीव्ही मांडून ते पोरांना तासावर खेळायला देत. खोके हळदीसारखे पिवळे झाले होते. वरच्या बाजूला एक चौकोन तेवढा पांढरा राहिला होता. मी बारामतीहून डेव्हलपर नेले आणि मे महिन्यातल्या दोन दुपारी गच्चीवर खपलो. मलम वाळले तेथे डाग उठले, एरवी काम झकास. काकांपुढे ठेवले. त्यांनी उलटसुलट करून पाहिले.

"चिठ्ठीची जागा कुठं गेली रं?"

"कसली चिठ्ठी?"

"तासाला ५ रुपये, अशी चिठ्ठी डकवली हुती तिथं. तुझ्या आत्याच्या धाव्वीची फी त्याच्यावरच भरली."

कागद केव्हाच गळून गेला होता. पण त्याखालच्या प्लॅस्टिकला ऊन लागले नव्हते, म्हणून तेवढा चौकोन पांढरा राहिला होता. मी भोवतालचा पिवळा रंग घालवला आणि चौकोनही गेला.

मित्र म्हणतात, पांढरे केले नाही तर लोक ही खोकी किलोच्या भावाने भंगारात देतील. यात तथ्य आहे. पुण्याच्या केळकर संग्रहालयात जुने दिवे आणि अडकित्ते आपण कौतुकाने पाहतो; आमच्या आईबापांच्या तरुणपणीच्या वस्तू प्लॅस्टिकच्या, त्यांना कोण विचारतो? पण पेरॉक्साइड फक्त रंग घालवते. झिजलेले प्लॅस्टिक त्याने पूर्ववत होत नाही, आणि काही काळाने पिवळेपणा परत येऊ शकतो, अगदी कपाटात ठेवले तरी. मग घाई कसली? आधी सेट चालू करावा. सुटलेले डाग जोडावेत, अडॅप्टर बदलावा, कॅसेटचे टोक पुसावे. रंगाचे नंतर पाहू, तेही ज्याचा सेट आहे त्याला विचारून. मी विचारले नव्हते.

काकांच्या सेटला आता नवा अडॅप्टर बसवला आहे. चित्र येते, आवाज येत नाही. या रविवारी पुन्हा इंदापूरला जाणार आहे. सोल्डरिंग येणारा कोणी वर्गात असेल तर सोबत यावे.