तार गेली, डबी आली

दातांच्या तारा निघाल्या की माणूस सगळ्यात आधी काय करतो? जीभ फिरवतो. दातांवरून, पुन्हा पुन्हा. इतका गुळगुळीतपणा दीड-दोन वर्षांत विसरायलाच झालेला असतो. मग सेल्फी, मग स्टेटस, मग इतके दिवस बंदी असलेली चिक्की. ऑफिसमध्ये सगळे ‘सुटलीस बाई एकदाची!’ म्हणतात. आणि या सगळ्या धामधुमीत बॅगेच्या तळाशी साबणाच्या वडीएवढी एक रंगीत डबी पडलेली असते, तिच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं.

आजचा विषय ती डबी. म्हणजे तिच्या आतला रिटेनर.

आपल्या वयात तारा लावणं आता अगदी कॉमन झालंय. शाळेत असताना घरच्यांना ‘होतील आपोआप नीट’ असं वाटत होतं. आता स्वतःचा पगार आहे, ईएमआय आहे आणि लग्नाचे फोटो डोळ्यासमोर नाचतायत! मीही चोविसाव्या वर्षी, पहिल्या नोकरीच्या पैशातून तारा लावल्या. त्या निघाल्यापासून रोज रात्री रिटेनर घालते. आमच्याकडे रात्री दहाचा सीन बघण्यासारखा असतो. आजी कवळी काढून वाटीत ठेवते आणि मी डबीतून रिटेनर काढून दातांवर चढवते. ‘माझे निघाले, तुझे बसले’ हा तिचा रोजचा जोक.

फंडा सोपा आहे. तार दात सरळ करते, सरळ ठेवत नाही. ठेवण्याचं काम रिटेनरचं, आणि ते काम संपत नाही. खरं म्हणजे हे वाक्य पैसे भरायच्या आधी कानावर पडायला हवं. बऱ्याच जणांच्या ते पडतं तारा काढायच्या दिवशी, तेही डॉक्टर पुढच्या पेशंटला आत बोलवत असताना.

दात परत का सरकतात? कारण दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. दात आणि हाड यांच्यामध्ये जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा, तंतूंचा एक थर असतो. तारेनं दाब दिला की एका बाजूचं हाड विरघळतं, दुसऱ्या बाजूला नवं भरतं आणि दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर या बैलगाडीच्या वेगानं पुढे जातो. तार निघते तेव्हा हे नवं हाड कच्चं असतं आणि हिरड्यांमधले तंतू ताणलेलेच असतात. त्यांना नव्या जागी रुळायला काही महिने लागतात, त्यातल्या लवचिक तंतूंना तर वर्षभर. तोवर ते दाताला जुन्या पत्त्यावर ओढत राहतात.

मग वर्षभरानंतर सुटका? नाही ना! ज्यांनी आयुष्यात कधी तारा लावल्या नाहीत, त्यांचेही खालचे समोरचे दात वयाबरोबर हळूहळू दाटीवाटी करायला लागतात. आई-बाबांचे कॉलेजमधले फोटो काढा आणि आता त्यांना हसायला सांगा, कळेल. याचा दोष सगळे अक्कलदाढेला देतात, पण ती बिचारी निर्दोष. अक्कलदाढा नसलेल्यांचेही दात असेच सरकतात. अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठानं चार दात काढून तारा लावलेल्या पेशंट्सचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला होता. १९८८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. रिटेनर बंद करून २० वर्षं झाल्यावर खालच्या समोरच्या दातांची रांग समाधानकारक राहिलेले पेशंट निघाले जेमतेम १० टक्के. म्हणून आजकाल ‘रिटेनर किती दिवस?’ याचं प्रामाणिक उत्तर एकच असतं. दात सरळ हवेत तितके दिवस.

आता प्रकार. जुना आणि दणकट म्हणजे हॉली. टाळूला चिकटणारी प्लास्टिकची प्लेट आणि पुढून एक तार. चार्ल्स हॉली या अमेरिकन डेंटिस्टनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा बनवला आणि अजून तो चालतोय. तार थोडी आवळता येते, प्लेट वर्षानुवर्षं टिकते. पण मराठी माणसासाठी यात एक गोची आहे. आपला ‘ळ’ आणि ‘ण’ उच्चारताना जीभ टाळूला लागते, आणि ‘चमचा’तला ‘च’ दातांच्या मुळाशी. नेमकी तिथेच प्लेट! पहिले दोन-तीन दिवस ‘बाळासाहेब टिळक चौकात’ एवढं म्हणून दाखवा. क्लायंट कॉल असेल तर विचारूच नका. घरी पेपर मोठ्यानं वाचा, आठवड्याभरात जीभ वाट शोधते.

दुसरा पारदर्शक. दातांच्या मापावर गरम प्लास्टिकची शीट ओढून बनवलेलं कव्हरच ते. लावलेला दिसत नाही, बोलणं फारसं बिघडत नाही, म्हणून ऑफिसवाल्यांचा लाडका. पण हॉलीइतका टिकत नाही. रात्री दात खाणाऱ्यांचा तर लवकरच चिरतो. तिसरा फिक्स्ड. समोरच्या दातांच्या मागच्या बाजूला बारीक तार कायमची चिकटवतात. विसरायचा प्रश्नच नाही, पण तिथे टार्टर साठतं, फ्लॉस तारेखालून ओवून काढावा लागतो. आणि तार एखाद्या दातावरून सुटली तर पत्ताही लागत नाही, तो एकटा दात गुपचूप सरकतो. यातला बेस्ट कुठला? २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यालाही कुणा एकाला ठामपणे पहिला नंबर देता आला नाही. माझं विचाराल तर खाली फिक्स्ड, वर पारदर्शक. कारण खालचे दात जास्त उनाड.

बहुतेक डॉक्टर पहिले काही महिने जवळजवळ दिवसभर घालायला सांगतात, जेवण आणि ब्रश सोडून. नंतर फक्त रात्री. काही जण पहिल्यापासून रात्रीच. तुमच्या तोंडाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचा, कलीगचा नाही.

रिटेनरचा एक नंबरचा शत्रू टिशू पेपर. हॉटेलात जेवायला बसलात, रिटेनर काढून टिशूत गुंडाळून ताटाशेजारी ठेवलात की संपलं, वेटर ताटाबरोबर घेऊन जातो. दुसरा शत्रू गरमपणा. टपरीवरचा कटिंग रिटेनर घालून प्यायचा नाही. माझ्या आईनं तर ‘उकळत्या पाण्यातून काढते गं, जंतू मरतील’ म्हणून पातेलं चढवलं होतं, मी वेळेत डबी हिसकावली. पारदर्शक प्लास्टिक गरम पाण्यात वाकडं होतं आणि मग ते कुणाच्याच दातांचं राहत नाही. साधं पाणी, मऊ ब्रश, बास. टूथपेस्टनं ओरखडे पडतात. हळदीचा पिवळा डाग मात्र जाता जात नाही, त्यामुळे जेवताना काढायचा म्हणजे काढायचा. तिसरा शत्रू घरातला कुत्रा. लाळेचा वास त्याला भलताच आवडतो.

पण मला खरं बोलायचंय ते पैशांबद्दल. माझ्या एका मैत्रिणीच्या पॅकेजमध्ये रिटेनरचा उल्लेखच नव्हता, शेवटच्या दिवशी वेगळं बिल हातात आलं. महिना कडकीचा होता, ‘पुढच्या महिन्यात करू’ म्हणाली. मग जॉब बदलला, बंगळुरूला गेली. तीन वर्षांत खालचे दोन दात एकमेकांवर चढले. आता पुन्हा तारा, पुन्हा ईएमआय. यात तिला आळशी म्हणणं सोपं आहे. मला मात्र वाटतं की ज्या पॅकेजमध्ये रिटेनर नाही, ते पॅकेज अर्धंच आहे आणि तसं ते छापलं पाहिजे.

तेव्हा अॅडव्हान्स भरण्याआधीच विचारा. रिटेनर धरून किती? हरवला, तुटला तर दुसरा कितीला? तारा निघाल्यानंतरच्या तपासण्या कोण करणार आणि किती वेळा? समोरचे डॉक्टर बीडीएसनंतर तीन वर्षांचं ऑर्थोडॉन्टिक्सचं एमडीएस केलेले आहेत का, हेही विचारायला लाजू नका. अलाइनर घेणाऱ्यांनी तर नक्कीच. त्यांनाही शेवटी रिटेनर लागतोच. अमेरिकेतली स्माइलडायरेक्टक्लब ही घरपोच अलाइनरवाली कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली, तेव्हा अर्ध्यावर असलेले पेशंट वाऱ्यावर आले.

आणि तारा निघतील त्या दिवशी शेवटच्या स्कॅनची फाइल मागून घ्या. स्कॅन केला नसेल तर प्लास्टरचा साचा. आपली पिढी दर दोन वर्षांनी शहर बदलते. ती फाइल असेल तर नव्या शहरातही त्याच मापाचा रिटेनर बनतो, फक्त दात सरकायच्या आत हालचाल करायची.

चार-आठ दिवस रिटेनर राहून गेला असेल तर आज रात्री घालून बघा. नुसता घट्ट लागत असेल तर रोज घालत राहा, सैलावेल. नीट बसतच नसेल तर दाबून बसवू नका, सकाळी डॉक्टरांना फोन करा. शनिवारी दुपारनंतर बरेच दवाखाने बंद असतात, एवढं लक्षात ठेवा.