उजेड हवा, ऊन नको

मे २०२० मध्ये अकोल्याचा पारा ४७ अंशांपुढे गेला होता. अशा उन्हाच्या धाकाने अकोला-अमरावतीत आपण खिडक्या लहान ठेवतो आणि भरदुपारी जिन्यात दिवा लावतो. वीज गेली की अंधाऱ्या पायरीवर म्हाताऱ्या माणसांचा पाय घसरायची भीती असते.

जिन्यासाठी काचेची पोकळ वीट, म्हणजे ग्लास ब्लॉक, हा चांगला उपाय आहे. तिच्या दोन जाड काचांमध्ये हवा बंदिस्त असते. त्यामुळे साध्या एकेरी काचेपेक्षा उष्णता सावकाश आत येते. दिवसा विजेशिवाय उजेड मिळतो. नीट बसवलेली ही भिंत फोडणे चोराला खिडकीच्या काचेइतके सोपे नसते.

पण जागा चुकली तर खोलीची भट्टी होते. थेट ऊन या विटेतूनही आत शिरते. म्हणून ती पश्चिमेला नको, उत्तरेला बसवा. तिच्यावर स्लॅबचा भार टाकू नका. शिवाय ती उघडत नाही. कूलरची दमट हवा बाहेर जायला आणि आग लागल्यास माणसांना सुटायला खिडकी-दार लागतेच.

वीट उजेडासाठी, खिडकी वाऱ्यासाठी. घराचा नकाशा काढतानाच हे ठरवायला हवे.