दाराशी आलेला निसर्ग

२५ मार्च २०२० रोजी गुढीपाडवा होता आणि त्याच दिवसापासून देशभर टाळेबंदी लागू झाली. कात्रज परिसरातील ज्येष्ठांचा तळ्याकाठचा फेरफटका थांबला. उद्याने बंद झाली, राजीव गांधी प्राणिसंग्रहालयाचे दरवाजेही मिटले. पासष्टी ओलांडलेल्यांनी घराबाहेर पडू नये, अशी सूचना होती. या वयात संसर्ग अधिक गंभीर होत असल्याने ती योग्यही होती.

परंतु घरात राहण्याचीही किंमत असते. उतारवयात हालचाल थांबली की स्नायूंची शक्ती झपाट्याने घटते आणि ती परत मिळवण्यास तरुणांपेक्षा अधिक काळ लागतो. पायांतले बळ गेले की तोल जातो, पडण्याची भीती वाढते आणि त्या भीतीने माणूस आणखीच बसून राहतो. झोप उडते, भूक मंदावते, मन एकाच चिंतेभोवती घुटमळते.

अशा वेळी अनेकांना आधार मिळाला तो गच्चीतून आणि सोसायटीच्या आवारातून. वाहनांचा गोंगाट शमल्यामुळे तांबटाची टुकटुक आणि कोकिळाची साद स्पष्ट ऐकू येऊ लागली. वैशाखात बहाव्याला पिवळे घोस लटकले. पावसाळा सुरू होताच घाटाकडच्या करड्या टेकड्या हिरव्या झाल्या. हे सारे दरवर्षीच घडत होते. त्या वर्षी ते पाहण्यास सवड मिळाली.

झाडाकडे पाहण्याने बरे वाटते, हा केवळ कविमनाचा समज नाही. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांविषयीचा रॉजर उलरिच यांचा अभ्यास १९८४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. हा अभ्यास लहान होता, तरीही घरातील आजाऱ्याची खाट कोठे असावी, याचा विचार करण्यास तो पुरेसा आहे.

नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तळ्याचे पाणी भुयारी नळांनी शहरातील हौदांपर्यंत नेले गेले. ज्यांना तळ्यापर्यंत जाणे शक्य नाही, त्यांच्यासाठी आपणही तसेच करू शकतो. खाट खिडकीजवळ घ्यावी. गच्चीत तुळस, गवती चहा, मोगरा लावावा आणि पाणी घालण्याचे काम आजी-आजोबांकडेच सोपवावे. पक्ष्यांसाठी पसरट भांड्यात पाणी ठेवून ते रोज बदलावे.

ज्यांना चालता येते, त्यांनी ऊन चढण्यापूर्वी बाहेर पडावे. आरंभी दहा मिनिटे पुरेत. मग हळूहळू वेळ वाढवावा. जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांना आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचवते. पण ज्यांना तेवढे जमत नाही, त्यांच्यासाठी थोडे चालणेही हिताचेच. पायांत घट्ट बसणारी, न घसरणारी पादत्राणे असावीत. शेवाळलेला काठ आणि ओली पायवाट टाळावी. छातीत दुखणे, घेरी येणे किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागणे, यांपैकी काहीही जाणवल्यास तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी. हृदयविकार किंवा मधुमेह असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

शुश्रूषा करणाऱ्यांना एक विनंती. टाळेबंदी उठली, तरी अनेक घरांतील वृद्धांची टाळेबंदी अद्याप उठलेली नाही. जिना, रहदारी, आपली धावपळ, अशी कारणे खरीच असतात. पण ‘उद्या नेतो’ असे म्हणून त्यांना रोज कात्रजचा घाट दाखवू नये. आठवड्यातले दोन दिवस आणि त्यांची वेळ ठरवून ती पाळावी. हात धरून फाटकापर्यंत नेले, एखाद्या कडुनिंबाच्या सावलीत घटकाभर बसवले, तरी त्यांचा तो दिवस वेगळा जातो. आणि सोबत बसणाऱ्या तुम्हालाही तेवढीच विश्रांती लाभते.