ठसा कुणाचा, अधिकार कुणाचा?

अमेरिकेतील जुन्या तांब्याच्या नाण्यांविषयी बोलताना तिथले संग्राहक एक विशेषण सर्रास वापरतात : 'वसाहतकालीन'. कनेक्टिकट, व्हरमाँट, न्यू जर्सी आणि मॅसॅच्युसेट्स या चार राज्यांची १७८५ ते १७८८ ही साले मिरवणारी नाणीही त्याच खणात पडतात. वास्तविक स्वातंत्र्याचा जाहीरनामा १७७६ चा, आणि १७८३ च्या तहाने ब्रिटननेही ते स्वातंत्र्य मान्य केलेले. तेव्हा हे विशेषण कालदृष्ट्या चुकीचे आहे, हे उघडच आहे. पण त्याच्या आडून एक निवाडाही दिला जातो. तो असा, की ही नाणी खऱ्या अर्थाने सरकारी नव्हेत, फार तर मक्तेदारांनी पाडलेली चलनी टोकने होत. अमेरिकेचे अधिकृत नाणे सुरू होते ते १७९२ च्या टांकसाळ कायद्यापासून. हा निवाडा मला मान्य नाही.

कायद्याच्या बाजूने पाहू गेल्यास फारसा वाद उरत नाही. १७८१ साली अंमलात आलेल्या संघराज्याच्या पहिल्या घटनेतील नवव्या कलमाने नाण्यांचा कस आणि मूल्य ठरविण्याचा अधिकार काँग्रेसकडे ठेवला. पण ही नाणी काँग्रेसच्या किंवा निरनिराळ्या राज्यांच्या अधिकाराने पाडली जातील, हे त्याच वाक्यात गृहीत धरले होते. कनेक्टिकटच्या विधिमंडळाने ऑक्टोबर १७८५ मध्ये चौघांना परवाना दिला : नाण्याचे वजन १४४ ग्रेन, आणि उत्पादनाचा विसावा हिस्सा राज्याच्या तिजोरीत. न्यू जर्सीने जून १७८६ मध्ये तिघांना तीस लाख नाण्यांचा मक्ता दिला. तिथे वजन १५० ग्रेन आणि राज्याचा हिस्सा दहावा. मॅसॅच्युसेट्सने तर मक्तेदार टाळून बोस्टनला स्वतःची टांकसाळच उघडली. 'सेंट' हा शब्द अंगावर बाळगणारी पहिली अमेरिकी नाणी तिथली. गंमत अशी, की चौघांत सर्वांत निर्विवाद सरकारी असलेली ही टांकसाळच १७८९ च्या आरंभी बंद पडली, कारण नाणे पाडण्याचा खर्च नाण्याच्या दर्शनी किमतीहून जास्त येई.

मक्त्याने पाडले म्हणून नाणे खाजगी ठरते, हा आक्षेपही टिकत नाही. १७८७ साली खुद्द काँग्रेसने आपल्या तांब्याच्या नाण्याचे काम जेम्स जार्व्हिस नावाच्या व्यापाऱ्याला मक्त्यानेच दिले होते. ठरलेल्या तीनशे टनांपैकी सरकारच्या पदरात चार लाखांहूनही कमी नाणी पडली. त्या नाण्याला मात्र कुणी टोकन म्हणत नाही.

साहित्याच्या अभ्यासकांना या प्रकरणात रस वाटावा तो नाण्यांवरील अक्षरांमुळे. कनेक्टिकटच्या नाण्याच्या एका बाजूस लॅटिनमध्ये 'ऑक्टोरी कनेक' असे कोरले आहे, म्हणजे 'कनेक्टिकटच्या अधिकाराने'. ज्या लॅटिन धातुकुळातून 'ऑथर' हा शब्द आला त्यातूनच 'ऑथॉरिटी' आला. कर्ता आणि अधिकार यांचे ते जुने नाते इथे दीड तोळ्याहूनही हलक्या चकतीवर उमटले आहे. पण त्या अक्षरांच्या मधोमध जो मुखवटा आहे तो इंग्लंडच्या जॉर्ज राजाच्या नाण्यावरून उचललेला, आणि मागे 'स्वातंत्र्य' या अर्थाच्या लॅटिन शब्दांखाली बसलेली स्त्री ब्रिटानियाची बहीण शोभावी अशी. लोकांच्या हाताला ब्रिटिश अर्ध्या पेनीची सवय होती. नवे नाणे चालायचे तर ते जुन्यासारखे दिसणे भाग होते. अधिकार नवा, चेहरा जुना.

व्हरमाँटचे उदाहरण याहून अवघड आहे. न्यूयॉर्क त्या भूमीवर हक्क सांगत होते आणि काँग्रेस व्हरमाँटला राज्य मानायला तयार नव्हती. तरी १७८५ मध्ये त्याच्या विधिमंडळाने रूबेन हार्मन याला परवाना दिला. डोंगरामागून उगवता सूर्य, खाली नांगर, आणि मागील बाजूस 'चौदावा तारा' या अर्थाचे लॅटिन शब्द अशी ती नाणी निघाली. व्हरमाँट खरोखर चौदावे राज्य झाले ते १७९१ मध्ये. तोपर्यंत हे शब्द म्हणजे अर्जच होता, तांब्यावर लिहिलेला आणि बाजारात हातोहात फिरणारा. ज्या सत्तेलाच मान्यता नाही तिचे नाणे अधिकृत कसे, असे कुणी विचारील. माझे उत्तर असे, की कर वसूल करणारी, कायदे करणारी आणि परवाना देणारी सत्ता तिथे प्रत्यक्ष नांदत होती. शेजाऱ्याच्या नकाराने तिची कृत्ये रद्द होत नाहीत.

खरी अडचण पुढे आहे. न्यूयॉर्क राज्यात न्यूबर्गजवळ थॉमस मॅचिनच्या कारखान्यात ब्रिटिश अर्ध्या पेनीच्या नकला होत असत. १७८७ मध्ये त्याच मंडळींशी हार्मनने भागीदारी केली आणि व्हरमाँटची नाणीही त्याच छपराखाली पडू लागली. कनेक्टिकटच्या नाण्यांत ठशांच्या जोड्या तीनशेहून अधिक मोजल्या गेल्या आहेत. त्यांतल्या साऱ्या परवानाधारकांच्या नव्हेत, हेही अभ्यासक मानतात. न्यू जर्सीच्या काही नाण्यांखाली कनेक्टिकटची पुसट अक्षरे दिसतात, कारण जुनेच नाणे चकती म्हणून पुन्हा ठशाखाली घातलेले. पाठचिकित्सा करणाऱ्याला हे चित्र ओळखीचे वाटेल. संहिता प्रमाण आहे म्हणून हाती आलेली प्रत्येक प्रत प्रमाण ठरत नाही. आणि प्रती भ्रष्ट निघाल्या म्हणून संहितेचे प्रामाण्य जात नाही. चार राज्यांचे नाणेपाडणे अधिकृत होते असे मी म्हणतो. समोरचे अमुक एक नाणे अधिकृत आहे का, हा प्रश्न वेगळा, आणि त्याचा निकाल ठसा, वजन व धातू पाहूनच लावावा लागतो.

व्यवहारातल्या माणसाला मात्र हा भेद परवडणारा नव्हता. न्यूयॉर्कच्या १७८७ च्या कायद्याने शुद्ध तांब्याचे ठरल्या वजनाचे नाणे शिलिंगाला वीस या दराने घ्यावे असे म्हटले. ते कुणी पाडले, हे त्याने विचारले नाही. १७८९ च्या उन्हाळ्यात तिथे तांब्याच्या नाण्यांवरचा विश्वास ढासळला आणि भाव निम्म्याहूनही खाली गेला, तेव्हा परवान्याचे नाणे आणि बनावट नाणे एकत्रच बुडाले. सुट्या पैशांत मजुरी घेणाऱ्याच्या गाठीला असलेली अधिकाराची लॅटिन अक्षरे त्याच्या काहीच कामी आली नाहीत. त्याच वर्षी अंमलात आलेल्या नव्या घटनेने राज्यांचा नाणी पाडण्याचा अधिकार काढून घेतला. पण जो अधिकार नव्हताच तो काढून घेण्यासाठी कलम लिहावे लागत नाही, एवढे या कलमावरून निश्चित दिसते.

१७८७ चे एक नाणे या साऱ्या वादाला पुरून उरते. त्याच्या पुढच्या बाजूस 'व्हरमाँटच्या अधिकाराने' आणि मागे, कोणताही आडपडदा न ठेवता, 'ब्रिटानिया'. नकली अर्ध्या पेनीसाठी केलेला ठसा मॅचिनच्या कारखान्यात व्हरमाँटच्या ठशाला जोडला गेला. सूचिकार ते व्हरमाँटच्या खणात ठेवतात. मीही तिथेच ठेवीन, फक्त वरच्या चिठ्ठीवर 'वसाहतकालीन' लिहिणार नाही.