झुडूप तोडण्याआधी

पावसाळा सरला की गुजरातेत तरसालीपलीकडच्या पडीक जमिनीवर जरा वाकून पाहावे. उघड्यावरचे गवत गुरांनी मातीलगत खाऊन टाकलेले असते. पण बोरीच्या काटेरी जाळीत, जिथे गाईचे तोंड पोचत नाही, तिथे तेच गवत फुलोऱ्यावर आलेले असते. तिथून उडालेले बी पुढच्या पावसात भोवतालच्या जमिनीत रुजते. गुराख्याला अडचण वाटणारी ही जाळी कुरणाचे बियाणे राखत असते.

मात्र झुडूप कोणते आणि किती दाट, यावर सारे अवलंबून आहे. शमीची सावली विरळ, मुळे खोल. तिच्याखाली गवत चांगले वाढते. गुजरातीत ‘गांडो बावळ’ म्हणतात त्या वेड्या बाभळीचे तसे नाही. मूळ अमेरिका खंडातले हे झाड खारट रण पुढे सरकू नये म्हणून 1961च्या सुमारास कच्छच्या बन्नीत लावले गेले. सुमारे 2,500 चौरस किलोमीटरच्या त्या गवताळ रानाचा मोठा भाग आज तिने व्यापला आहे.

हा प्रसार गुरांच्या पोटातूनच झाला. गोड शेंगा ती आवडीने खातात. टणक बी न पचता बाहेर पडते आणि शेणाच्या ओलीत रुजते. झाडोरा दाट झाला की खाली ऊन पोचत नाही, ओल तुटते, धामण आणि झिंझवा (म्हणजे आपले मारवेल) ही गवते मागे हटतात. उरलेल्या मोकळ्या पट्ट्यांवर गुरांची दाटी होते, तिथले गवत बी धरण्याआधीच संपते आणि उघड्या मातीत पुन्हा बाभूळच उगवते. शेंगांचा अतिरेक कांकरेज गाईंना मानवत नाही. बन्नीतले पशुपालक मालधारी म्हशींकडे वळले त्याचे हेही एक कारण.

नुसती कुऱ्हाड चालवून हे चक्र तुटत नाही. बुंधा राहिला की धुमारे फुटतात. वेडी बाभूळ मुळासकट काढावी, मग एकदोन पावसाळे चराईबंदी पाळावी आणि नंतर पाळीपाळीने गुरे सोडावीत. बंदीच्या काळात पशुपालकाला चाऱ्याची सोय हवी, नाहीतर बंदी टिकणार नाही. महाराष्ट्रातले गायरान असो की इथले गौचर, साफसफाई यंत्रावर सोपवण्याआधी रोज गुरे चारणाऱ्याला सोबत घेऊन फिरावे, आणि ठेवायच्या बोरी-शमींवर आधी चुन्याची खूण करावी.