प्रशिक्षक बदलला म्हणजे संघ सुधारतो काय?

अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉलचा हंगाम संपत आला, की पराभूत संघांत एक विधी नेमाने पार पडतो. मुख्य प्रशिक्षक जागेवर राहतो आणि त्याच्या हाताखालच्या एखाद्या सहायक प्रशिक्षकाला निरोपाचा नारळ मिळतो. हा फुटबॉल आपल्या परिचयाचा नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन खेळला जाणारा तो अमेरिकी खेळ आहे. त्यात आक्रमण आणि बचाव यांचे खेळाडू वेगळे व प्रशिक्षकही वेगळे असतात. त्यामुळे अपयशाचे खापर फोडण्यास एखादे डोके नेहमीच सापडते. या बदलांनी संघ खरोखर सुधारतो काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

बदलाच्या समर्थकांपाशी लुइझियाना स्टेट विद्यापीठाचे उदाहरण आहे. २०१८ मध्ये या संघाने १३ पैकी १० सामने जिंकले होते. २०१९ मध्ये चेंडूफेकीच्या आक्रमणाची बाजू सांभाळण्यासाठी जो ब्रेडी हे तरुण प्रशिक्षक आले. दर सामन्यातील सरासरी गुण सुमारे ३२ वरून ४८ वर गेले. संघाने सर्व १५ सामने जिंकून राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावले. पुरावा बिनतोड वाटतो. परंतु याच संघातील १४ खेळाडूंची २०२० मध्ये व्यावसायिक संघांनी निवड केली, ही गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. त्या वर्षी ब्रेडी गेले, हे खेळाडूही गेले, त्यात महामारीची भर पडली आणि संघ १० पैकी ५ सामने हरला. मग बचावाच्या नव्या प्रशिक्षकाला एकाच हंगामानंतर काढण्यात आले. तरीही २०२१ मध्ये १३ पैकी ७ सामने गमवावे लागले. अनेक कारणे एकाच वेळी बदलत असताना सारे श्रेय वा दोष एका व्यक्तीच्या पदरात टाकणे ही तर्कदुष्टता होय.

याहून सूक्ष्म गफलत संख्याशास्त्राची आहे. अतिशय उंच आईबापांची मुले सरासरीने त्यांच्याहून ठेंगणी निघतात, हे फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये दाखवून दिले. खेळातही तेच घडते. हंगामातील नियमित सामने जेमतेम बारा. त्यांतले दोन-तीन केवळ दुर्दैवाने निसटतात. असाधारण वाईट वर्षात दुर्दैवाचा वाटा असतोच आणि तो पुढल्या वर्षी तेवढाच राहील असे नाही. संघ आपोआप थोडा वर येतो. मधल्या काळात प्रशिक्षक बदललेला असल्यास श्रेय त्या बदलाला मिळते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडावी, तसाच हा प्रकार.

म्हणून न बदललेल्या संघांशीही तुलना करायला हवी. ॲडलर, बेरी आणि डोहर्टी या अभ्यासकांनी १९९७ ते २०१० या काळातील मुख्य प्रशिक्षकांच्या बदलांचा असा अभ्यास केला. अत्यंत दुबळ्या संघांना बदलाचा फारसा लाभ झाला नाही. मध्यम संघांची कामगिरी तर, तशाच पण प्रशिक्षक न बदललेल्या संघांच्या तुलनेत, खालावली. जेथे मुख्य प्रशिक्षक बदलूनही चमत्कार घडत नाही, तेथे सहायकाच्या बदलाकडून त्याची अपेक्षा करण्यास आधार कोणता?

मग हा विधी चालतो का? कारण तो सोयीचा आहे. सहायकाचा बळी देऊन मुख्य प्रशिक्षक आणखी एक वर्ष मिळवतो आणि विद्यापीठाला काहीतरी केल्याचे समाधान लाभते. किंमत मोजतात ती दुसरीच माणसे. करार मुदतीपूर्वी मोडल्याबद्दल भरपाई द्यावी लागते. विद्यार्थी-खेळाडूंना नवी व्यूहरचना पहिल्यापासून शिकावी लागते. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची ही रीत आहे.

सहायक प्रशिक्षक कधीच बदलू नये, असे येथे म्हणावयाचे नाही. त्याची शिकवण्याची पद्धत सदोष असेल, खेळाडू त्याच्याकडून काही शिकत नसतील, तर त्याने जावे. परंतु ते सरावाच्या मैदानावर, अनेक हंगामांच्या निरीक्षणातून ठरावे. एका वर्षाच्या गुणफलकावरून नव्हे. वर्गाचा निकाल घसरला की शिक्षकाला जाब विचारला जातो. त्या वर्षी बाकांवर कोणते विद्यार्थी होते, हे कोणी विचारत नाही. विद्यापीठांनी तरी हा प्रश्न विचारावयास हवा. कारण निष्कर्षाआधी पुरावा मागणे हेच तर त्यांचे काम आहे.